ठाऊक नव्हते म्हणून

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. आपल्यापैकी ज्यांची दुकाने वा लहान कारखाने आहेत, त्यांनी त्याआधीच अकाउंटंटला फोन करून सगळे समजून घेतले होते. पुढे २१ नोव्हेंबरला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. काम सोडणाऱ्या माणसाचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा, असे त्यांत आहे. तेव्हा आपण कुणाला फोन केला?

कायद्याची भाषा किचकट असते, हे खरे. चार माणसांच्या वर्कशॉपला वकील परवडत नाही, हेही खरे. पण आपल्याकडे काम करणाऱ्याला तर आपल्याहूनही कमी कळते. तो विचारणार आपल्यालाच. बहुधा तेही नाही.

२०१७ साली दहा वा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. त्यानंतरही तीन महिन्यांचे बाळ घरी ठेवून कामावर परतलेली एक भगिनी आम्हाला ठाऊक आहे. मालक दुष्ट नव्हता. त्याने चौकशी केली नाही, एवढेच. मात्र वीजदर वाढले की त्याला त्याच आठवड्यात कळायचे!

त्याला रजेचे कळले तेव्हा बाळ शाळेत जाऊ लागले होते. “आता पुढच्यांना पूर्ण रजा देईन,” तो म्हणाला. आणि हिचे चौदा आठवडे? रजा परत देता येत नाही, पण तेवढा पगार हिशेब करून देता येतो. आमच्या मते तो तिने मागण्याआधीच द्यायला हवा होता.