बाळ सुखरूप, मग तक्रार कसली?

डिस्चार्जच्या दिवशी बाळंतिणीला विचारतात, ‘मिळालेल्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ सिस्टर पलंगाशेजारीच उभी, नवरा खाली रिक्षा थांबवून आलेला, कागद अजून हातात पडायचेत. बाई ‘हो’ म्हणते. दुसरं काय म्हणणार?

बरं, ते ‘हो’ खोटंही नसतं. बाळ रडलं, आपण वाचलो, खिशाला तोशीस पडली नाही. २००५-०६ मध्ये देशातली शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ८९ वर पोचला, महाराष्ट्रात ९५ च्या घरात. एवढ्या बायका घराबाहेर पडून सरकारी-खासगी टेबलावर आल्या, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण सुटकेचा निःश्वास म्हणजे सेवेला दिलेले गुण असं आपण धरून चालतो, आणि तिथे मला अप्रामाणिकपणा दिसतो.

कारण त्याच बाईला घरी, आईजवळ बोलताना ऐका. कळा असह्य होऊन ओरडली तर ‘नवऱ्याजवळ होतीस तेव्हा नाही का ओरडलीस?’ मध्ये पडदा नाही. आत कोण येतंय, कोण तपासतंय, पत्ता नाही. टाके घालणार हे कुणी सांगितलं नाही. सुई टोचली तेव्हा कळलं. हे सांगून झाल्यावर ती स्वतःच म्हणते, ‘जाऊ दे, बाळ चांगलं आहे ना!’

संशोधक एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये जुन्या अभ्यासांचा धांडोळा घेतला तेव्हा दिसलं, की बाळंतपणाबद्दलचं बरंवाईट मत वेदनेपेक्षा आधार, वागणूक आणि निर्णयातला सहभाग यांवर जास्त ठरतं. यातल्या बऱ्याच गोष्टींना औषध लागत नाही. सरकारी प्रसूतिगृहांतली सेवा सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने वागवणं आहे, सोबतीला घरची बाई बसू देणंही आहे. त्यातच ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत, अशी अटही आहे. दारातच विचारलं तर ती केव्हाही पुरी होईल.

विचारायचंच तर दीड महिन्यानं, लसीकरणाला ती येईल तेव्हा विचारावं, आणि दवाखान्याबाहेरच्या कुणीतरी. नावानं हाक मारली? तपासण्याआधी सांगितलं? कुणी हात उगारला? उत्तरं आली की लगेच सिस्टरला मेमो धाडायची आपल्याकडे घाई असते. त्या रात्री किती बाळंतपणं झाली आणि पाळीवर किती जणी होत्या, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.