कोकुरावरचा ढग

गेल्या नोव्हेंबरमध्ये कामानिमित्त तीन आठवडे फुकुओकाला होतो. शेवटचा शनिवार मोकळा मिळाला. ऑफिसमधला जपानी सहकारी म्हणाला, किताक्युशूला जा आणि रात्रीचं शहर बघ. २०२२ साली जपानमधली रात्री सर्वांत सुंदर दिसणारी तीन शहरं निवडली गेली, त्यात किताक्युशू पहिलं होतं, साप्पोरो दुसरं आणि नागासाकी तिसरं. मी एका स्थानिक गाईडबरोबर संध्याकाळची फेरी ठरवली. आधी खाणं, मग डोंगरावरून दिवे, असा साधा बेत होता.

गाईड म्हणजे साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका. ‘सेनसेइ म्हण, तीच सवय आहे,’ म्हणाल्या. सेनसेइ म्हणजे बाई, आपण शाळेत म्हणायचो तसंच. त्यांचं इंग्रजी आणि माझं जपानी दोन्ही तोडकंमोडकं, पण काम भागलं.

किताक्युशू हे तसं एक शहर नाहीच. १९६३ साली मोजी, कोकुरा, वाकामात्सु, याहाता आणि तोबाता ही पाच शहरं एकत्र करून ते झालं. आम्ही कोकुरातल्या तांगा बाजारापासून सुरुवात केली. नदीला लागून दाटीवाटीने वसलेला हा जुना बाजार २०२२ मध्ये दोनदा आगीत सापडला, तरी अजून चालू आहे. तिथे एका दुकानासमोर सेनसेइ थांबल्या आणि मला नुकाडाकी घेऊन दिली.

नुकाडाकी समजायला आधी नुका समजायला हवा. नुका म्हणजे तांदळाचा कोंडा. त्यात मीठ-पाणी घालून ओलसर गोळा आंबवत ठेवतात आणि त्यात भाज्या मुरवतात. तो रोज हाताने खालीवर करावा लागतो, नाहीतर बिघडतो. नीट सांभाळला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. आपल्याकडच्या विरजणासारखं, आजच्या दह्यात कालचं असतंच. कोकुराचे लोक हाच आंबवलेला कोंडा घालून बांगडा किंवा सार्डिन मंद आचेवर शिजवतात. चव खारट, किंचित आंबट, खोल.

‘आमच्या घरचा नुका आजीचा आहे, युद्धाच्या आधीपासूनचा,’ सेनसेइ म्हणाल्या. मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाल्या, ‘९ ऑगस्टला आकाश स्वच्छ असतं तर ते भांडं उरलं नसतं. मीही नसते. भात घेणार का अजून?’

मी भात घेतला. पण त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

घटना अशी. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या ‘बॉक्सकार’ या अमेरिकन विमानाचं पहिलं लक्ष्य नागासाकी नव्हतं, कोकुरा होतं. इथे जपानी लष्कराचा मोठा शस्त्रास्त्र कारखाना होता. बॉम्ब रडारवर विसंबून नाही, तर डोळ्यांनी लक्ष्य दिसल्यावरच टाकायचा, असा हुकूम होता. विमानाने कोकुरावरून तीन फेऱ्या मारल्या, पण खाली ढग आणि धूर. इंधन कमी होत होतं. वैमानिकाने विमान पर्यायी लक्ष्याकडे, सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागासाकीकडे वळवलं. तिथेही ढग होते, पण शेवटी फट सापडली. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामी खोऱ्यावर बॉम्ब फुटला. वर्षअखेरपर्यंत सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली.

आणखी एक गोष्ट. ६ ऑगस्टला हिरोशिमा ढगाखाली असतं, तर पर्यायांच्या यादीत कोकुरा होतंच. म्हणजे तीन दिवसांत हे शहर दोनदा वाचलं. एकदा दुसरीकडचं आकाश मोकळं होतं म्हणून आणि एकदा स्वतःचं झाकलेलं होतं म्हणून.

बाजारातून निघून आम्ही एका छोट्या दुकानात याकीउदोन खाल्ले. हा पदार्थ कोकुराचाच. युद्ध संपल्यावर परतून करायच्या सोबा शेवया मिळेनात, तेव्हा इथल्या एका दुकानदाराने वाळवलेले उदोन उकडून तव्यावर परतले, अशी त्याच्या जन्माची कथा आहे. मग बसने डोंगराच्या पायथ्याशी आणि तिथून केबल कारने साराकुरा डोंगरावर. उंची ६२२ मीटर. वर पोचलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता.

दृश्य खरंच सुंदर होतं. खाली दोकाई खाडी, तिच्यावर लाल दिव्यांनी उजळलेला वाकातो पूल, काठाने कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यापलीकडे दूरवर घरांचे दिवे. माणसं फोन उंचावून फोटो काढत होती, मीही काढले. सेनसेइंनी बोट दाखवलं. ‘हे जवळचं याहाता. १९०१ पासून पोलादाचा कारखाना. ते लांबचं कोकुरा. ८ ऑगस्टला याहातावर आगीचे बॉम्ब पडले, घरं जळत होती. दुसऱ्या दिवशी कोकुरावर जो धूर होता, त्यातला काही तिथून आलेला, असं म्हणतात.’

म्हणजे कोकुराला वाचवणारा ढग नुसता ढग नव्हता. त्यात शेजारच्या गावाची राखही असणार. आणि आज वरून बघताना कुठे याहाता संपतं आणि कुठे कोकुरा सुरू होतं, हे दिव्यांवरून कळत नाही.

आता मला माझी गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय मी हा लेख लिहायला बसलोच नसतो.

एप्रिल २०२१, पुणे. बाबांचा ऑक्सिजन ८२ वर आला होता. सकाळपासून मी आणि ताई फोन करत होतो, आणि जिथे नंबर लागेल तिथे यादीत नाव टाकत होतो. रात्री दोनच्या सुमारास एका हॉस्पिटलमधून फोन आला. पलीकडचा मुलगा माझ्याच वयाचा असावा. म्हणाला, ‘एक बेड झालाय. तुमच्या आधी एक नाव आहे, दोनदा फोन केला, उचलत नाहीयेत. अर्ध्या तासात पोचाल का?’ मी हो म्हणालो. आम्ही पंचवीस मिनिटांत पोचलो. बाबा अठरा दिवसांनी घरी आले. आज ते रोज सकाळी फिरायला जातात आणि चहात साखर घालू नका म्हटलं की चिडतात.

घरात सगळे म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. मीही मान डोलावली. पण आमच्या आधीचं ते नाव, ज्याने फोन उचलला नाही, त्याच्याबद्दल मी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. फोन सायलेंटवर असेल. कदाचित दुसरीकडे बेड मिळाला असेल. कदाचित उचलायला कुणी उरलं नसेल. मी विचारलं नाही.

डोंगरावर उभा असताना प्रश्न असा पडला की, अशा वेळी माणसाने नेमकं काय वाटून घ्यायचं असतं?

कृतज्ञता म्हणावी, तर कुणाबद्दल? आभार मानायला समोर देणारा लागतो. ढग कोकुरासाठी आला नव्हता. आणि देणारा देव आहे असं मानलं, तर त्याने नागासाकीची निवड केली असंही मानावं लागतं. ‘देव तारी त्याला’ या म्हणीत, न तारलेल्यांसाठी काय वाक्य आहे? तारलेल्यांच्या घरात ही म्हण गोड वाटते, शेजारच्या घरात ती क्रूर होते.

मग अपराधीपणा? त्यासाठी काहीतरी केलेलं असावं लागतं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ हा विषय चर्चेत आणला. विल्यम्सचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ट्रकचालकाची चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. त्याला जे वाटतं, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटणाऱ्या दुःखापेक्षा वेगळं असतं आणि तसं असणं योग्यच आहे. पण त्या चालकाच्या हातून निदान काही घडलं होतं. कोकुराच्या लोकांच्या हातून काय घडलं? त्यांना तर त्या सकाळी काही माहीतही नव्हतं. मी ‘नाही’ म्हणालो असतो, तरी बेड पहिल्या नावाला मिळाला नसता, यादीतल्या पुढच्याला गेला असता.

तिसरं उत्तर माझ्या धंद्यातलं. यात नैतिक काहीच नाही, ही नुसती व्यवस्था आहे. असा कोड मी रोज लिहितो. पहिल्या सर्व्हरकडून ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर विनंती दुसऱ्याकडे पाठवा. दुसऱ्या सर्व्हरने काय वाटून घ्यायचं? हे उत्तर मला बराच काळ पुरलं.

सेनसेइंना मी हे सगळं तुटक वाक्यांत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘पण ती यादी कुणी केली?’

त्या अणुबॉम्बच्या लक्ष्यांबद्दल विचारत होत्या. यादीत आधी क्योतो होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी हट्ट धरून ते काढायला लावलं आणि त्यानंतर नागासाकी यादीत आलं. ते काम कुठल्या ढगाने केलं नाही, टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी केलं. ढगाने फक्त यादीतलं नाव बदललं. ‘सगळंच नशीब म्हटलं,’ सेनसेइ म्हणाल्या, ‘की टेबलावरचे लोक सुटतात.’

मला माझ्या उत्तरातली चूक तिथे दिसली. पहिल्याने फोन उचलला नाही, हा योगायोग. पण रात्री दोन वाजता एका बेडसाठी एवढी लांब यादी असणं, हा योगायोग नव्हता. किती बेड असतील, ऑक्सिजन कुठे साठवला जाईल, पैसा कशावर खर्च होईल हे माणसांनी आधीच ठरवलेलं होतं. नशीब फक्त टंचाईची वाटणी करतं, टंचाई तयार करत नाही. आणि माझ्या कोडमध्येसुद्धा दुसरा सर्व्हर काही वाटून घेत नसला, तरी पहिल्याने उत्तर दिलं नाही याची नोंद लॉगमध्ये राहते. ती नोंद बघून कुणीतरी विचारतं, असं का झालं? मी ती नोंदच पुसून टाकली होती.

वाचलेल्यावर दोष नाही, असं मला आता वाटतं. पण दोन गोष्टी त्याच्याकडे लागू असाव्यात. एक, आपण लायक होतो म्हणून वाचलो, असं न म्हणणं. आणि जे गेले त्यांच्याबद्दल ‘त्यांनी उशीर केला’, ‘काळजी घेतली नाही’ असं तर मुळीच न म्हणणं. २०२१ मध्ये ही वाक्यं मी स्वतः बोललो आहे. दुसरी, यादी कुणी केली हे विचारत राहणं, विशेषतः आपल्याला काही झालेलं नसताना. ज्यांचं गेलं, त्यांच्यात विचारायची ताकद बऱ्याचदा उरलेली नसते.

कोकुराचा तो शस्त्रास्त्र कारखाना होता, तिथे आज कात्सुयामा बाग आहे. दर ९ ऑगस्टला तिथे नागासाकीतल्या मृतांसाठी लोक जमतात. परत जाताना सेनसेइ मला तिकडे घेऊन गेल्या. तिथे स्मारक आहे आणि ‘नागासाकीची घंटा’ आहे. रात्री बागेत कुणी नव्हतं. आम्ही पाचेक मिनिटं उभे राहिलो. त्या म्हणाल्या, त्यांची आई दरवर्षी यायची. विचारलं तर इतकंच म्हणायची, ‘आपल्याच पत्त्यावर आलेलं होतं ते.’

पुण्याला परतल्यावर आठवडाभराने बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, उगाच सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, ‘नाव काय होतं त्यांचं?’

‘मी विचारलं नाही, बाबा.’

‘विचारायला हवं होतंस,’ ते म्हणाले. पेपर पुन्हा उचलला, पण पान बराच वेळ उलटलं नाही.