कुलूपबंद इल्म

आमच्या घरी एक बयाज आहे. बयाज म्हणजे हकिमाची खाजगी वही. अनुभवाला उतरलेले नुस्खे तो तिच्यात लिहून ठेवतो. ही वही आमच्या आजोबांची. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते हकिमी करत. लोखंडी खलबत्ता, काचेच्या बरण्या आणि ही वही, एवढाच त्यांचा दवाखाना. वही हिरव्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेली असे आणि पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. कोणी विचारलेच तर म्हणत, "हे सीना-ब-सीना आलेले इल्म आहे. बाजारात मांडायचे नाही." उस्तादाच्या छातीतून निघून शागिर्दाच्या छातीत जाणारे, मध्ये तिसरा कोणी नाही, असे ते इल्म.

शागिर्द मात्र त्यांना मिळाला नाही. अब्बा नोकरीसाठी मुंबईला गेले. आजोबांचा इंतकाल झाला, किल्ली घरात राहिली आणि इल्म त्यांच्याबरोबर कबरीत गेले. वही शिकस्ता लिपीत, घाईच्या हाताने लिहिलेली. मोलाच्या औषधांची नावे तर त्यांनी स्वतःच्याच खुणांनी लिहिली होती. आमचे शिक्षण मराठी शाळेत झाले, उर्दू आम्ही अडखळत वाचतो. एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून वही वाचून घेतली, तेव्हा निम्मी पाने उलगडली. उरलेली कायमची मुकी झाली. आता घरात वाद आहे. उलगडलेली पाने छापायची, की पुन्हा पेटीत ठेवायची? हा प्रश्न केवळ आमच्या पेटीचा नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

कुलूप लावणाऱ्यांची बाजू आधी ऐकली पाहिजे. 'नीम हकीम खतरा-ए-जान' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. ती उगीच आलेली नाही. युनानीतल्या काही कुश्त्यांत पारा आणि सोमल असतो. मात्रा गुंजभर चुकली तरी औषधाचे विष होते. ज्ञान अर्धवट हाती पडू नये, हा विचार आपल्या परंपरेत मोठमोठ्यांनी केला आहे. बाराव्या शतकातले इब्न रुश्द काझी होते, वैद्य होते आणि बुद्धीचा कैवार घेणारे तत्त्वज्ञ होते. तरीही तत्त्वज्ञानातले अवघड अर्थ सामान्यांसाठीच्या पुस्तकांत लिहू नयेत, असे तेही मानत. म्हणजे बंधन घालणारा प्रत्येक जण अज्ञानाचा पाठीराखा असतो, असे म्हणता येणार नाही.

पण दुसरी बाजूही आपल्याच दारात उभी आहे. विचारले असताना इल्म लपवून ठेवणाऱ्याला हदीसमध्ये कडक इशारा आहे. आजोबांना तो ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? ते पाच वक्तांचे नमाजी होते. मग किल्ली कमरेला का? आम्हाला वाटते, पोटाच्या भीतीने. नुस्खा सर्वांना कळला तर हकिमाकडे कोण येईल? ही भीती खरी होती आणि तिची टिंगल आम्ही करणार नाही. फक्त तिला 'परंपरेची जपणूक' हे भारदस्त नाव देऊ नये, इतकेच.

याच भीतीवर मात केलेले एक घराणे आपल्यासमोर आहे. दिल्लीचे शरीफी घराणे पिढीजात हकिमांचे. त्यातल्या हकीम अब्दुल मजीद यांनी १८८० च्या दशकात मदरसा तिब्बिया काढला आणि हकिमी शिकण्यासाठी अमुक घरात जन्मण्याची अट उरली नाही. त्यांचे धाकटे बंधू हकीम अजमल खान यांनी १९०९ मध्ये दायांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे आयुर्वेद आणि युनानी एकत्र शिकवणारे तिब्बिया कॉलेज उभारले. त्याचे उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. तिथल्या संशोधनासाठी त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरले. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला नाव दिले 'अजमलीन'. अजमल खान १९२७ मध्येच गेले होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे औषध म्हणून अजमलीन वैद्यकाने स्वीकारले. कुलूप उघडणाऱ्याचे नाव असे मागे राहिले.

सर्पगंधेची गोष्ट मात्र इथे संपत नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच मुळांतून रेसर्पीन काढले. देशोदेशीच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, हे मान्य करावे लागेल. पण मागणी वाढली तशी जंगलांतली मुळे बेसुमार उपटली गेली. १९९० मध्ये या वनस्पतीला आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रणाच्या यादीत घालावे लागले. ज्ञान सर्वांचे झाले आणि झाडावर संकट आले. म्हणजे दार उघडले की काम संपले, असे नसते. उघड्या दारातून कोण येतो आणि काय घेऊन जातो, हेही पाहावे लागते.

हळदीचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. हळदीने जखम भरते, या आपल्या आजीच्या ज्ञानावर १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाला पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कशाच्या बळावर? जुन्या ग्रंथांतल्या आणि छापील लेखांतल्या पुराव्यांच्या बळावर. आम्हाला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. जे लिहिले होते, छापले होते, तेच वाचवता आले. आजोबांसारख्यांच्या छातीत राहिलेले इल्म कोणी उचलले असते तर आपण कोणता कागद दाखवणार होतो?

त्यानंतर २००१ मध्ये आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले नुस्खे पाच परकीय भाषांत नोंदवणारा सरकारी संग्रह सुरू झाला. गंमत अशी, की तो सर्वांसाठी खुला नव्हता. पेटंट कार्यालयांनाच, तेही गुप्ततेच्या करारावर, पाहायला मिळे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो इतरांनाही टप्प्याटप्प्याने वापरू द्यायचे ठरवले. चोरासाठी लावलेले कुलूप आम्ही समजू शकतो. पण त्या कुलपाआड घरचीच माणसे राहिली, तर त्याचा विचार पुन्हा करावाच लागतो.

आता आमच्या वहीकडे परत येऊ. उलगडलेल्या पानांत एका नुस्ख्याखाली आजोबांनी बारीक अक्षरात लिहिले आहे, "एका कातकरी बाईकडून कळले." नाव नाही, वाडी नाही. ती ओळ वाचली आणि आम्ही बराच वेळ गप्प बसलो. जे आजोबांनी आयुष्यभर कुलपात ठेवले, ते त्यांना एका गरीब बाईने फुकट दिले होते. तिने सीना-ब-सीनाची अट घातली नव्हती. मग ते इल्म आमच्या घराण्याचे कसे? आणि ते विकण्याचा हक्क तरी आम्हाला कोणी दिला?

वहीत आणखी एक गोष्ट सापडली. काही पानांवर रोग्यांची नावे आणि त्यांची दुखणी आहेत. कोणाला मूल होत नव्हते, कोणाला लाज वाटेल असा आजार होता. त्यांची नातवंडे आज आमच्या शेजारी राहतात. तेव्हा आम्हाला उत्तर सापडल्यासारखे झाले. रोग्याचे गुपित राखावे, रोगाच्या औषधाचे राखू नये. कुलूप दुबळ्याची अब्रू आणि जीव राखत असेल तर ते अमानत आहे. आपली मिरास राखत असेल तर ती खयानत आहे.

आम्ही असे ठरवले आहे. रोग्यांची पाने छापायची नाहीत. पारा-सोमलाची पाने जाणत्या तबीबांकडे तपासायला द्यायची. उरलेले नुस्खे मराठीत आणायचे आणि त्या एका नुस्ख्याखालची ओळ मोठ्या अक्षरात छापायची. छापण्याआधी मात्र तो आसपासच्या कातकरी वाड्यांवर जाऊन वाचून दाखवायचा. त्यांनी नको म्हटले तर ते पान आम्ही छापणार नाही.

अब्बांना हे अजून पटलेले नाही. पण परवा त्यांनी पेटीची किल्ली आमच्या हातात दिली.