उठवणारी खुर्ची आणि उठवणारे हात



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो. इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणारा हा आपला मुलूख. ज्या माउल्यांनी चाळीस-पन्नास वर्षे रोवणीच्या चिखलात वाकून काढली, त्यांचे गुडघे आणि कंबर आता हिशेब मागत आहेत. बसले की उठवत नाही, उठले तर चालवत नाही.

अशाच एका घरी नागपूरला नोकरी करणारा मुलगा आईसाठी 'लिफ्ट चेअर' घेणार होता. बटण दाबले की ही खुर्ची मोटारीने मागून उचलली जाते, पुढे कलते आणि बसलेल्याला जवळजवळ उभे करते. मुलाने खुर्ची पसंत केली होती, पैशांची तजवीजही झाली होती. सून म्हणाली, "फादर, माझ्या पाठीला तरी आराम पडेल." आजी मात्र गप्प होत्या. आम्ही विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, "मले कोनी पुसलंच नाई, फादर."

मुलाचे काही चुकले का? प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, असे संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगतात. मुलाने आईचे भलेच इच्छिले होते. पण ते भले आईचे असायला हवे; आपल्या मनातल्या आईचे नव्हे. आंधळा बार्तिमय हाका मारीत आला तेव्हा त्याला काय हवे ते सर्वांनाच दिसत होते. तरीही, आपण त्याच्यासाठी काय करावे, असे प्रभू येशूने त्यालाच विचारले. त्या विचारण्याने भिकारी हा भिकारी उरला नाही, प्रभूशी बोलणारा माणूस झाला. न विचारता केलेल्या सेवेत माणूस वस्तूसारखा इथून तिथे ठेवला जातो.

इथे विचारणे ही नुसती रीत नाही. खुर्ची ही अंगाला मापून घ्यायची गोष्ट आहे. बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. पाठ टेकवली असता बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. खुर्ची किती वजन पेलते, मागे कलायला भिंतीपासून किती जागा लागते, बटण थरथरत्या बोटांनी दाबता येते का, आणि वीज गेली तर बॅटरीवर ती खाली येते का, हेही पाहावे. जिला बसायचे आहे तिने बसून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. आनंदवनाच्या बाबा आमटेंना मणक्याच्या विकारामुळे बसताच येत नसे. ते उभे राहत किंवा आडवे होत. १९८५ची 'भारत जोडो' यात्रा त्यांनी वाहनात आडवे पडून केली. त्यांना कोणी उत्तमातली उत्तम खुर्ची दिली असती तरी ती व्यर्थ गेली असती.

पण विचारणे म्हणजे म्हातारपणाचा प्रत्येक हट्ट मानणे नव्हे. सुनेची पाठही देवानेच दिली आहे. पेत्राने प्रभूला आपले पाय धुऊ देण्यास नकार दिला, तेव्हा प्रभूने तो नकार मान्य केला नाही. त्याच पेत्राला पुढे त्याने सांगितले, की म्हातारपणी तू हात पुढे करशील आणि दुसरा तुला नेईल. सेवा घेणे हीसुद्धा नम्रतेची साधना आहे. पोप फ्रान्सिस २०२२च्या मे महिन्यापासून सर्वांसमक्ष चाकाच्या खुर्चीत बसू लागले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्या खुर्चीतूनच कॅनडाला गेले. परावलंबी होण्याने माणसाचे मोल घटत नाही.

मग आजींना नेमके काय खुपत होते? पुढच्या भेटीत ते बाहेर आले. खुर्ची आली की आपल्याला मागच्या खोलीत बसवतील, बटण हातात देतील आणि मग कोणी हात द्यायला येणार नाही, ही त्यांची भीती होती. दिवसातून चार वेळा सून उठवायला येई, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. हे ऐकून सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगा सुट्टी घेऊन आला. आजींना गाडीत बसवून दुकानात नेले, दोन-तीन खुर्च्यांत बसवून पाहिले. आजींची एकच अट होती, खुर्ची ओसरीत ठेवायची, येणारे-जाणारे दिसतील अशी. ती मान्य झाली.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी खंत करू नये. हाताची मजबूत खुर्ची सुताराकडून पक्के ठोकळे बसवून थोडी उंच करून घेतली आणि वर घट्ट गादी टाकली, तरी उठणे पुष्कळ सोपे होते. पासष्टी ओलांडलेल्या गरजूंनी २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. त्या योजनेत सहायक साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये ठरवले होते. अर्ज भरायला आमचे युवक मदत करतील.

त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून प्रभूपुढे उतरवले. बाज त्याला वाहून आणू शकली, कारण तिचे चार कोपरे चार मित्रांनी धरले होते. आपल्या घरातल्या खुर्चीजवळ आज संध्याकाळी कोण बसणार आहे, एवढा प्रश्न आपण या रविवारी घरी घेऊन जाऊ या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

— आपले धर्मगुरू