लेझरचा झोत आणि दहशतवादाचा कायदा

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला विमानतळ नाही. त्यामुळे विमानावर लेझर मारणाऱ्याला दहशतवादविरोधी कायदा लावावा का, हा वाद इथल्या माणसाला मुंबई-पुण्याचा वाटतो. पण सप्टेंबर २०२५मध्ये, ऐन घटस्थापनेच्या सुमारास, भूम-परंडा भागात अतिवृष्टी झाली, नद्या-ओढे पात्राबाहेर आले आणि परंडा तालुक्यात पाण्याने वेढलेली माणसं हेलिकॉप्टरने उचलून आणावी लागली. नेमक्या याच दिवसांत गावोगावच्या देवीच्या मंडपांसमोर डीजे, शार्पी (प्रखर झोताचे दिवे) आणि लेझरची जुळवाजुळव चाललेली असते. बचावाचं हेलिकॉप्टर विजेच्या तारा, झाडं, मोबाइलचे टॉवर चुकवत अगदी खाली येतं. त्या उंचीवर वैमानिकाला चार-पाच सेकंद दिसेनासं झालं, तर सावरायला जागाच उरत नाही. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे, आणि त्याचं उत्तर आपणही नीट विचार करून द्यायला हवं.

आधी धोका समजून घेऊ, कारण झोत मारणाऱ्याला तोच दिसत नसतो. यात्रेतल्या पालावर मिळणारा हिरवा पॉइंटर हातात घेतला, तर समोरच्या भिंतीवर हरभऱ्याएवढा ठिपका पडतो. तो ठिपका वर आभाळातही तेवढाच राहत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात झोत फाकत जातो. साधारण पॉइंटरचा झोत एक किलोमीटरवर जवळपास एक मीटर रुंद होतो, तीन किलोमीटरवर तीन मीटर. म्हणजे नेम धरायची गरजच राहत नाही. हात थोडा इकडे-तिकडे झाला तरी कॉकपिटची काच त्या वर्तुळात सापडते. काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर आणि धुळीवर प्रकाश विखुरतो आणि अख्खी काच हिरवी उजळून निघते. रात्री उतरताना वैमानिकाने आतले दिवे मंद केलेले असतात, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. त्यात हिरवा रंग. या लेझरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, आणि माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतो. म्हणून तेवढ्याच ताकदीच्या लाल झोतापेक्षा हिरवा कितीतरी प्रखर भासतो. झोत सरकून गेला तरी डोळ्यांपुढे डाग तरंगत राहतो आणि धावपट्टीचे दिवे त्या डागामागे जातात. एवढ्या अंतरावर डोळा कायमचा अधू होण्याची शक्यता कमीच. भीती आहे ती नको त्या क्षणी काहीच न दिसण्याची.

अमेरिकेत २०२३ या एका वर्षात अशा १३,३०४ घटनांची नोंद झाली. आपल्याकडे जून २०२५मध्ये पुण्याहून चेन्नईला गेलेल्या स्पाइसजेटच्या विमानावर उतरताना झोत पडला आणि ते सुखरूप उतरलं. सुखरूप उतरलं म्हणून हा खेळ ठरत नाही. प्रत्येक वेळी वैमानिकाचं कसब आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या वैमानिकाचे डोळे कामी आले, एवढाच त्याचा अर्थ.

मिरवणुकीतला लेझर तर पॉइंटरच्या पलीकडचा. पॉइंटरची ताकद मिलीवॅटमध्ये मोजतात, ट्रॉलीवर बांधलेल्या लेझरची वॅटमध्ये. म्हणजे हजारपटीचा फरक. पुण्यात २०२३च्या विसर्जन मिरवणुकीनंतर एका तरुणाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होऊन नजर अधू झाल्याची बातमी आली, नेत्रतज्ज्ञांनी आवाज उठवला, आणि पुढच्या वर्षी पुणे-कोल्हापुरात प्रशासनाला लेझरबंदीचे आदेश काढावे लागले. गर्दीतल्या पोराचा डोळा जाळणारा तोच झोत, मिरवणूक चौकातून वळली की आभाळाकडे जातो.

आता कायदा काय करतो ते पाहू. मुंबई-पुण्याचे पोलीस विमानतळाच्या आसपास लेझर वापरण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. तो आदेश ठरावीक हद्दीपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली जास्तीत जास्त एक वर्षाची कैद, तीही जीविताला धोका झाला तर. आदेशच नसेल तर लावता येतं ते कलम १२५: निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. दीडशे माणसांचं विमान उतरत असताना वैमानिकाचे डोळे दिपवायचे, आणि शिक्षा तीन महिने. नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठी १९८२चा वेगळा आणि कडक कायदा आहे, जन्मठेपेपर्यंत जाणारा. पण तो जाणूनबुजून केलेल्या कृत्यांसाठी. ‘गंमत म्हणून मारला’ म्हणणारा त्यातून निसटतो.

ही पोकळी पाहिली की माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाला सर्वांत मोठं हत्यार, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, जवळचं वाटतं. त्याला दोष देता येणार नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये विमानांत बॉम्ब ठेवल्याच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या, तेव्हाही हीच भावना होती. त्यांतल्या काही धमक्यांमागे मुंबई पोलिसांना छत्तीसगडमधला एक अल्पवयीन मुलगा सापडला. मित्राशी पैशावरून बिनसलं, म्हणून त्याने त्याला अडकवायला हा उद्योग केला होता. हजारो प्रवाशांचा खोळंबा झाला, सुरक्षा यंत्रणा दिवसेंदिवस धावत राहिली, हे सगळं खरं. तरी त्या पोराला दहशतवादी म्हणायला जीभ वळत नाही, आणि ती वळू नये.

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, याचं कलम १५ मी सावकाश वाचायला सांगेन. देशाची एकता, सुरक्षा, सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या किंवा लोकांत दहशत बसवण्याच्या हेतूने केलेलं कृत्य त्यात येतंच; पण ज्यातून तसं होण्याचा संभव आहे असं कृत्यही येतं. साधनांची यादी बॉम्ब-बंदुकीपासून सुरू होते आणि ‘कोणत्याही प्रकारच्या अन्य साधनाने’ इथे येऊन थांबते. या दोन जागा एकत्र ठेवल्या की हातातला पॉइंटरही त्यात बसवता येतो. न्याय संहितेच्या कलम ११३मध्येही जवळपास हीच व्याख्या आली आहे, आणि गुन्हा यातल्या कोणत्या कायद्याखाली नोंदवायचा हे पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरचा अधिकारी ठरवतो.

केवळ संभवावर दहशतवाद ठरवायचा तर कुठे जाऊन पोहोचू, हे आपल्या भागाने अनुभवलं आहे. २०२४च्या पावसाळ्यात धाराशिव आणि बीडच्या खेड्यांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, या बातमीने लोकांची झोप उडाली. वाड्या-वस्त्यांवर काठ्या-बॅटऱ्या घेऊन जागल सुरू झाली, बायका-पोरांना गच्चीवर झोपायची भीती वाटू लागली. लोकांत दहशत खरोखर बसली होती. मग ते ड्रोन उडवणारे, ते सर्वेक्षणवाले असोत, हौशी असोत की चोर, सगळे दहशतवादी ठरवायचे का? भीती कितीही खरी असली, तरी ती कुणी, कशासाठी घातली हे विचारल्याशिवाय न्याय पुढे जाऊ शकत नाही.

आणि कलम लागल्यावर काय होतं? यूएपीएखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटतो असं न्यायालयाला वाटलं तर जामीन नाही. दोषी ठरला तर कुणी मेलं नसतानाही किमान पाच वर्षं. बारावीतल्या किंवा आयटीआयला जाणाऱ्या, नुकतीच अठरा पूर्ण केलेल्या पोरासाठी याचा अर्थ खटला उभा राहण्याआधीच आयुष्याची घडी विस्कटणं. बाप शेत गहाण टाकून वकील शोधणार, तारखांना एसटीने हेलपाटे घालणार, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत ‘अतिरेक्याचं घर’ हा शब्द निघणार. वर्षांनी निर्दोष सुटला तरी तो शब्द पुसला जात नाही. याहून मला जास्त सलणारी गोष्ट दुसरीच आहे. त्याच मिरवणुकीत, तोच लेझर फिरवणाऱ्या दोन पोरांपैकी कुणाला समज देऊन सोडायचं आणि कुणाला हे कलम लावायचं, हे पोलीस ठाण्यात ठरेल. ते आडनाव, मोहल्ला आणि ओळखीपाळखी पाहून ठरणार नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

महाराष्ट्राने हा धडा एकदा गिरवला आहे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५मध्ये आला तो पंजाबातल्या हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर, आणि पुढे देशभर साध्या गुन्ह्यांनाही लागू लागला. वसई-विरार भागातल्या गुन्ह्यांतून उभ्या राहिलेल्या ‘हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये रेषा आखून दिली: प्रत्येक दहशतवादी गुन्हेगार असेल, पण प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवाद्याचा शिक्का मारता येणार नाही, कृत्यामागे समाजात दहशत पसरवण्याचा हेतू हवा, आणि नेहमीच्या फौजदारी कायद्याने हाताळता येईल अशा गुन्ह्याला हा कायदा लावू नये. पुढच्याच वर्षी टाडाची मुदत संपली आणि तो वाढवला गेला नाही. तोवर हजारो माणसं आत जाऊन आली होती आणि दोषी ठरली होती त्यांतली मूठभर.

अमेरिकाही याच वाटेने गेली आणि मागे फिरली. दहशतवादी लेझरचा वापर शस्त्र म्हणून करू शकतात असा इशारा तिथल्या यंत्रणांनी २००४च्या अखेरीस दिला. त्याच डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एका माणसाने घरामागच्या अंगणातून उतरणाऱ्या विमानावर झोत मारला. मुलीला तारे दाखवत होतो, असं त्याचं म्हणणं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आलेल्या पॅट्रियट कायद्याखाली त्याच्यावर आरोप ठेवले गेले, वीस वर्षांच्या शिक्षेची भाषा झाली, आणि शेवटी तो तुरुंगात न जाता परिवीक्षेवर सुटला. अवाढव्य आरोप आणि जेमतेम शिक्षा यांतलं हे अंतर कायद्याची पत घालवतं. २०१२मध्ये त्यांनी विमानावर लेझर मारणं हाच स्वतंत्र गुन्हा केला, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. तरी कॅलिफोर्नियात एकाला जास्तीच्या कलमांसह चौदा वर्षं सुनावली गेली. २०१५मध्ये अपील न्यायालयाने त्यातल्या मोठ्या कलमाखालची दोषसिद्धी रद्द केली, कारण झोत इतक्या दूरवर काय करतो हे त्याला ठाऊक होतं असा पुरावाच नव्हता.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. बेपर्वाई म्हणजे धोका ठाऊक असून केलेली गोष्ट, आणि हा धोका आपण कुणाला सांगितलेलाच नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३मध्ये १२२ पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे नव्वद टक्के सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हते. जिथे तपासणी होते तिथली ही अवस्था. आपल्या यात्रेतल्या पालावर आणि ऑनलाइन येणाऱ्या खोक्यावर काय छापलंय, ते कोण पाहतो? विकणारा मोकळा, आणणारा मोकळा, भाड्याने देणारा मोकळा, आणि बटण दाबणारा देशद्रोही, हा हिशेब मला मान्य नाही.

खरोखर विमान पाडण्याच्या इराद्याने कुणी लेझर वापरला, तर यूएपीए आणि १९८२चा कायदा त्याच्यासाठी आहेतच, आणि तिथे दयामाया दाखवायचं कारण नाही. बाकीच्यांसाठी मधला कायदा हवा. ब्रिटनने २०१८मध्ये तसा केला: वाहन किंवा विमान चालवणाऱ्याचे डोळे दिपतील असा झोत मारणं हाच गुन्हा, अपघात झाला की नाही आणि मनात काय होतं हे सिद्ध करायची गरज नाही, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे १९३४च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५पासून लागू आहे. त्यात असं कलम घालता येईल, देशभर लागू होणारं, विमानतळाच्या हद्दीवर न थांबणारं. पहिल्या वेळी दंड, जप्ती आणि समाजसेवा, पुन्हा केल्यास कैद. जास्त ताकदीचे लेझर परवान्याशिवाय विकायला आणि भाड्याने द्यायला बंदी, आणि ती मोडणाऱ्याला बटण दाबणाऱ्यापेक्षा मोठी शिक्षा.

तोवर तालुक्यात करण्यासारखं बरंच आहे. गणपती आणि नवरात्राआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष येतात, डीजेच्या आवाजावर आणि मार्गावर चर्चा होते. त्या बैठकीला लेझर-शार्पी भाड्याने देणाऱ्यांना बोलवावं, यंत्राची ताकद लिहून घ्यावी, झोत कुणाच्या डोळ्यांवर आणि आडव्या रेषेच्या वर जाणार नाही असं हमीपत्र घ्यावं, आणि पुराचा किंवा बचावाचा इशारा असेल त्या रात्री लेझर सरसकट बंद ठेवावेत. जिल्हाधिकाऱ्यांना कलम १६३ खाली असा आदेश धाराशिव जिल्ह्यापुरता येत्या सणाआधीही काढता येईल.