मृत्यूचा क्षण कोणता?

हृदयाचा ठोका मेंदूच्या आज्ञेवाचून पडतो; त्याची विद्युत-लहर उजव्या कर्णिकेतल्या पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात उमटते. श्वासाचे तसे नाही. त्याचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभाकडे असते. तो कायमचा निकामी झाला की श्वास थांबतो, पण व्हेंटिलेटर लावलेला असल्यास हृदय काही काळ धडधडत राहते. अंग उबदार असते, नाडी लागते, मात्र शुद्ध परतण्याची शक्यता उरत नाही. असा माणूस जिवंत मानावा की मृत?

हार्वर्डच्या समितीने 1968 मध्ये या अवस्थेला मृत्यू मानण्याचे निकष मांडले. भारतात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या अवस्थेला मृत्यू म्हणून मान्यता दिली. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. कोमा याहून वेगळा. त्यातून रुग्ण परतू शकतो. हा फरक नातेवाइकांना सावकाश समजावणे अत्यंत गरजेचे आहे.

धर्मचिंतनातही या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. ज्यू धर्मपंडितांत काही श्वास निर्णायक मानतात, काही हृदय. छांदोग्य उपनिषदातील कथेत वाणी, डोळे, कान, मन एकेक करून शरीर सोडतात, तरी ते जगते. प्राण निघू लागताच मात्र सारी इंद्रिये उखडू लागतात. हा प्राण म्हणजे नुसती हवा नव्हे. यंत्राने फुप्फुसांत ढकललेल्या हवेला प्राण म्हणणे म्हणूनच कठीण आहे. अर्थात, धडधडणाऱ्या छातीवर हात ठेवलेल्या आईला हा युक्तिवाद अपुरा वाटणे स्वाभाविकच आहे.