मात्रा आणि पंगत

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की माझ्या मोबाइलवर एक चित्रफीत हमखास येते. दर वेळी उपदेशक वेगळा, सांगणे एकच. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घरच्या घरी घ्या, रोज घ्या, दुखणे मोठे असेल तर दिवसातून तीनदा घ्या. विश्वास पक्का असेल तर साखर उतरेल, गाठ विरघळेल. परवाच्या चित्रफितीतल्या उपदेशकाच्या हातात प्लास्टिकची बंद कुपी होती. खाली रस, वरच्या झाकणात पातळ चकती. झाकण सोलायचे, चकती तोंडात टाकायची, रस प्यायचा, संपले. करोनाच्या काळात अशा कुप्या बऱ्याच मंडळ्यांत शिरल्या. ती पाहून मला वैद्याची मात्रा आठवली. मात्रा उगाळून मधातून चाटवतात. ज्याची त्याने घ्यायची, आणि शेजारी कोण बसले आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नसते.

या चित्रफितींवर आमच्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात आणि दोन्ही मला उथळ वाटतात. काही जण त्या डोळे मिटून पुढे पाठवतात. शिकलेले लोक हसतात. त्यांच्या मते प्रभुभोजन हा स्मरणाचा विधी, त्याचा शरीराच्या दुखण्याशी संबंध काय? हसणाऱ्यांना एवढेच सांगतो, की पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या ज्या पहिल्या पत्रातला उतारा आपण दर प्रभुभोजनाला वाचतो, त्याच पत्रात, त्याच अध्यायात, पुढच्या चार-सहा ओळींत पौल आजारपणाबद्दल बोलतो. तिथवर न पोहोचता वाचन थांबवण्याची आपल्याला सवय झाली आहे. भाकरीचे आणि रसाचे नेमके काय होते, हा वाद मी दारातच ठेवतो. १५२९ मध्ये मार्बुर्गला लूथर आणि झ्विंग्ली याच प्रश्नावर समेट न होता उठले, १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिकांची भूमिका ठामपणे बांधली, आणि तेव्हापासून ताटातल्या पदार्थाची जेवढी चिकित्सा झाली तेवढी पंगतीला बसलेल्यांची झाली नाही.

मला वाद घालायचा आहे तो मात्रावाल्यांशी, कारण त्यांनी निदान तो अध्याय शेवटपर्यंत वाचला आहे. त्यांच्या मताची नीटस मांडणी सिंगापूरच्या न्यू क्रिएशन चर्चचे जोसेफ प्रिन्स यांनी केली. २००६ साली त्यांचे ‘हेल्थ अँड होलनेस थ्रू द होली कम्युनियन’ हे पुस्तक आले आणि आपल्याकडचे अनेक उपदेशक कळत-नकळत त्याच वाटेने जातात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : प्याला पापक्षमेसाठी आहे, भाकर आरोग्यासाठी. ख्रिस्ताच्या शरीरावर घाव बसले ते आपल्या रोगांसाठी. करिंथच्या लोकांना हे शरीर ओळखता आले नाही म्हणून त्यांच्यातले पुष्कळ जण दुर्बळ आणि रोगी झाले, काही मरण पावले. तेव्हा ओळखून खा आणि बरे व्हा.

युक्तिवाद सुबक आहे. पण त्यात करिंथ कुठे आहे?

करिंथमध्ये घडले होते ते असे. विश्वासी लोक कोणा सुखवस्तू माणसाच्या घरी जमत. रोमी घरातल्या भोजनाच्या दालनात तीन बाजूंनी आसने मांडलेली असत आणि त्यांवर जेमतेम नऊ-दहा माणसे रेलून बसत. बाकीच्यांची सोय मधल्या चौकात. ज्यांना वेळेचे बंधन नव्हते ते आधी येत आणि आपापले जेवण उरकून घेत. गुलाम, हमाल, मजूर दिवसाचे काम संपवून पोहोचत तोवर एक जण भुकेला आणि दुसरा नशेत, अशी स्थिती. याला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. पौल संतापतो तो यावर. त्याच्या मते जे चालले आहे ते प्रभूचे भोजन राहिलेलेच नाही, कारण ज्यांच्या घरी काही नाही त्यांना तिथे लाजवले जाते. शेवटच्या रात्री येशूने भाकर मोडल्याची आठवण तो याच भांडणात काढतो. जो मजकूर आज आपण गंभीर आवाजात, सुटा काढून वाचतो, तो मुळात पंक्तिप्रपंचाच्या खटल्यातला पुरावा आहे.

मग ‘शरीर ओळखणे’ म्हणजे काय? मात्रावाले म्हणतात, भाकरीतली आरोग्यशक्ती ओळखणे. पण याच पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने म्हटले आहे, की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ जण मिळून एक शरीर आहोत. बाराव्या अध्यायात तो डोळा, हात, पाय असा पसारा मांडून मंडळी हेच ख्रिस्ताचे शरीर असल्याचे सांगतो. दहाव्यात शरीर म्हणजे मंडळीही, बाराव्यात मंडळी, आणि मधल्या अकराव्यात, तेही पंगतीच्या भांडणात, शरीर म्हणजे फक्त तुकड्यातला गुण, असे मानायला फार कसरत करावी लागते. भाकरीशी त्या शब्दाचा संबंधच नाही, असे मी म्हणत नाही. पौलाच्या मनात दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतले असावेत. पण चौकात ताटकळणारा माणूस ज्याला दिसत नाही, त्याला भाकरीतला ख्रिस्त दिसला, हे पौलाला पटले नसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पौलाने सांगितलेला उपाय. आजारपणाचे निदान करून झाल्यावर तो काय लिहून देतो? अधिक वेळा खा, अधिक विश्वासाने खा, असे काही नाही. तो सांगतो, जेवायला एकत्र याल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. भूक अनावर असेल तर घरी खाऊन या. एवढेच. मात्रावाले जे औषध घरी घ्यायला सांगतात, त्याच्याबद्दल पौलाचे म्हणणे नेमके उलटे पडते : घरी खायचे ते पोटासाठी, आणि पंगतीत जे होते ते घरी होत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. आधी खाणारे दोषी होते, पण आजारी तेच पडले असे पौल म्हणत नाही. ‘तुमच्यात’ पुष्कळ रोगी आहेत, असे तो म्हणतो. दाढ किडते आणि ठणका कानात उठतो. शरीराचे असेच असते. म्हणून ‘तू आजारी आहेस, म्हणजे तुझ्या विश्वासात खोट आहे’ हे वाक्य, जे मात्रावादाच्या पोटात दडलेले असते आणि रोगी बरा झाला नाही की बाहेर येते, ते या अध्यायातून निघत नाही. आजारामागे देवाचा न्याय पाहणे पौलाला जमते. मला त्याच्याबरोबर तिथवर जाणे अवघड वाटते, हे मान्य करतो. पण तिथेही तो बोट ठेवतो ते सगळ्या घरावर, एकट्या खाटेवर ठेवत नाही.

प्रभुभोजन हे औषध असते तर पहिल्या पिढीने ते औषध म्हणून वापरले असते. पौलाच्या नावाच्या पत्रांत आजाऱ्यांची उणीव नाही. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडते. त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती सल्ला मिळतो. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत येतो. त्रफिमाला आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवावे लागते. स्वतः पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही जात नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी विधी सांगितला आहे, पण तो मंडळीच्या वडिलांना बोलावण्याचा, तेल लावून प्रार्थना करण्याचा आहे. यांतल्या एकालाही, रोज भाकर मोडून घे, असे कोणी सांगितलेले नाही.

यावर मात्रावाले अंत्युखियाच्या इग्नेशियसला साक्षीला आणतात. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमकडे हौतात्म्यासाठी नेले जात असताना त्याने इफिसकरांना पत्र लिहिले आणि त्यात प्रभुभोजनाला अमरत्वाचे औषध म्हटले. साक्ष खरी आहे, पण ती अर्धीच वाचली जाते. त्याच वाक्यात तो सगळ्यांनी एकत्र जमण्याबद्दल आणि एकच भाकर मोडण्याबद्दल बोलतो. त्याच्या औषधाचा गुण त्या ‘एक’मध्ये आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. रोटीव्यवहारावर उभ्या असलेल्या समाजात, कोण कोणाच्या हातचे खातो यावर माणसाची किंमत ठरत असताना, आमचे पणजे-खापरपणजे एका भाकरीभोवती बसले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतरानंतरही लक्ष्मीबाईंचे सोवळे किती काळ टिकले आणि ते कसे गळून पडले, हे पाहावे. मतपरिवर्तन आधी होऊ शकते; हात ताटाकडे जायला वेळ लागतो. हे सर्वत्र सहज झाले असेही नाही. दक्षिणेत तंजावरकडे ख्रिस्ती झालेल्या उच्च जाती चर्चमध्ये वेगळ्या बसत आणि प्रभुभोजनाला आधी जात. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद मोडण्याचा आदेश काढला तेव्हा पुष्कळांनी चर्च सोडले. करिंथच ते, फक्त पत्ता बदललेला. आपल्याकडेही कोणी मनातल्या मनात रांग मोजत नसेल, असे छातीठोकपणे मला सांगता येणार नाही. प्रभुभोजनाने या भूमीत कोणाला बरे केले असेल तर ते आधी या दुखण्यातून. ते ज्याला फुटकळ वाटते, त्याने शिवाशिवीचा रोग पाहिलेला नाही.

मग खाटेवरच्या माणसाचे काय? त्याला पंगतीला येता येत नाही. त्याने काय करावे? याचे उत्तर जुने आहे. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा जस्टिन सांगतो, की जे हजर नसत त्यांच्याकडे त्याच भोजनातला वाटा सेवक पोहोचवत. ही घरची मात्रा नव्हे. उशिरा येणाऱ्यासाठी घरात ताट झाकून ठेवतात ना, ते हे ताट. अनेक कॅथलिक धर्मग्रामांत आजही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेतात. आमचे पाळक छोट्या डब्यातून भाकर आणि रस घेऊन अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे जात, तेव्हा वडिलांपैकी दोघे-तिघे बरोबर असत. खोली लहान; एक जण खाटेच्या कडेला टेके, एक जण दारात उभा राही. आजी आधी विचारत, ‘आज चर्चला कोण कोण आलं होतं?’ नावे ऐकून झाली की मगच हात पुढे करत. मी पाहिलेली सगळ्यात लहान पंगत ती. आजींचे पाय चालू झाले नाहीत. तरी त्या पंगतीत काही बरे झाले नाही, असे मी म्हणणार नाही.

रोमन उपासनेत ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वीची प्रार्थना शुभवर्तमानातल्या ज्या शताधिपतीच्या उद्गारांवरून घेतली आहे, तो येशूकडे स्वतःचे दुखणे घेऊन आलाच नव्हता. घरी पडलेल्या चाकरासाठी आला होता. आज ती प्रार्थना प्रत्येक जण आपल्या आत्म्यासाठी म्हणतो. तिच्या मुळाशी दुसऱ्याची खाट आहे.

शेवटी मात्रावाल्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. चर्चने कोणत्या आजाऱ्याला प्रभुभोजन देण्याचा सर्वांत जास्त आग्रह धरला? ३२५ च्या नायसियाच्या परिषदेने याबद्दल नियम केला, आणि तो मरणाऱ्या माणसाबद्दल आहे : जो जायला निघाला आहे त्याला हे भोजन नाकारू नये. लॅटिन परंपरेने त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. मात्रेच्या हिशेबात हा शुद्ध अपव्यय. जो वाचणार नाही त्याला औषध कशाला? पण शिदोरी उठून बसणाऱ्यासाठी नसतेच, निघणाऱ्यासाठी असते. आणि ती कोणी स्वतःची स्वतः बांधत नाही. घरातले कोणीतरी लवकर उठून भाकरी थापते, फडक्यात बांधते, निघणाऱ्याच्या हातात देते.